उजवा पल्ला

पितर परत येतात त्या दिवसांतल्या, देवळाच्या उन्हाळी जत्रेसाठी नात्सुएने यंदा किमोनो स्वतःच नेसला. नेसवणारी आई हिवाळ्यात गेली होती.

"अगं, उजवा पल्ला डाव्याच्या वर?" तिची मैत्रीण मादोका खिदळली. "मढ्याला नेसवतात तसा! बदल आधी." आणि ती बाकीच्या मैत्रिणींसोबत नाचाच्या रिंगणाकडे पळाली.

घंटाघराआड जाऊन नात्सुएने डावा पल्ला वर घेतला, पट्टा आवळला. खाली पाहिलं, तर उजवाच वर. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. उजवाच.

ढोल सुरू झाला. मैत्रिणींनी काही हाक मारली नाही. छातीवरचा पल्ला हाताने झाकून ती कडेला ताटकळत राहिली.

मग रिंगणातली एक बाई सरकली आणि तिच्यासाठी जागा झाली. त्या बाईचाही उजवा पल्ला वर होता.

"हात काढ गं," ती मायेने म्हणाली. "अगदी बरोबर नेसलीयस."