उल्रिकाचं उत्तर

"नवी गाडी तयार आहे?" लियांगने विचारलं.

उल्रिकाने तोंड किंचित उघडलं आणि हवा आत ओढली. एवढंच. मग ती खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत उभी राहिली.

लियांगला हा श्वास ओळखीचा होता. चीनमध्ये, निंगबोला, वडिलांच्या साच्यांच्या कारखान्यात तो लहानाचा मोठा झाला होता. तिथला जुना कारागीर कामाकडे बघून दातांतून हवा ओढायचा, तेव्हा सगळे समजून जायचे: काहीतरी मोठं बिघडलंय आणि बिचाऱ्याला सांगायची लाज वाटतेय. अशा वेळी खोदून विचारायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायला लावणारा मूर्ख.

"दोन महिने आणखी घे," तो हळूच म्हणाला.

उल्रिकाने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि मान डोलावली. गाडीच्या दर्जाचं सगळं तिच्या हातात होतं. तिने सही केल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

हा मोटारींचा कारखाना चिनी मालकाने घेऊन लियांगला तिथे प्रमुख नेमल्यापासून स्वीडनभर एकच चर्चा होती. आता दरवाजे हातात येणार, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. गावातले म्हातारे तर दरवाज्यांवरच थांबायला तयार नव्हते. तिकडे हांगझोऊहून मालक हान रोज फोन करत. "ही गाडी पडली तर कारखान्याला कुलूप, आणि तू परत येऊन गाड्यांचे आरसे विकायचे," असं त्यांनी लियांगला स्वच्छ सांगितलं होतं. अख्खं गाव त्या कारखान्यावर जगत होतं. लियांगला रात्री झोप येत नसे, हे त्याच्या बायकोला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

दोन महिने झाले. लियांगने पुन्हा विचारलं. उल्रिकाने पुन्हा हवा ओढली, या वेळी अंमळ जोरातच.

"अजून काय राहिलंय तिचं?" हान फोनवर ओरडले.

"विचारणं बरं दिसत नाही, साहेब."

हानही निंगबोकडचेच. त्यांनी मुदत वाढवून दिली.

असं पुढच्या हिवाळ्यापर्यंत चाललं. शेवटी उल्रिकाच वैतागून म्हणाली, "लियांग, आता हिच्यात सुधारायला काही म्हणता काही उरलं नाही. काढ की बाहेर." श्वास वगैरे न ओढता, सरळ वाक्यात. लियांगने तत्काळ गाडी बाजारात आणली.

गाडी डोक्यावर घेतली गेली. कडाक्याच्या थंडीत तिचं दार लोण्यासारखं उघडायचं. खड्ड्यांतून नेली तरी आत ठेवलेल्या कपातला चमचाही वाजत नसे. जर्मन लोक रांगा लावून घेऊ लागले, आणि जर्मन लोक दुसऱ्याच्या गाडीसाठी रांग लावत नाहीत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, दर्जा असावा तर असा, आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

स्वीडनमध्ये आनंदाच्या प्रसंगी कापतात तो हिरवा केक कारखान्यात आला. दहाच्या कॉफीला सगळे जमले. उपाहारगृहातली मोना किटली घेऊन फिरत होती.

"दूध घालू?" तिने उल्रिकाला विचारलं.

उल्रिकाने हवा आत ओढली. मोनाने दूध घातलं.

"केक?"

पुन्हा तीच हवा. मोनाने भलामोठा तुकडा ताटलीत ठेवला.

लियांगचा कप ओठांपाशीच थांबला. "मोना, हे... ही आत्ता काय म्हणाली?"

"'हो' म्हणाली."

"हे हो आहे?"

"अरे, उत्तरेकडची आहे ती. तिकडे थंडीच अशी, की 'हो' म्हणायलासुद्धा वाफ दवडत नाहीत. आतल्या आत उरकतात."

सगळे हसले. लियांग हसला नाही. तो उल्रिकाकडे वळला. "म्हणजे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा गाडी..."

"तयार होती. सांगितलं की मी तुला."

"मग एवढे दिवस काय करत होतीस?"

"तू दोन महिने दिलेस. मला वाटलं, तुला काहीतरी खटकलंय, पण तू पडलास सभ्य, तोंडावर बोलत नाहीस. मग बसलो आम्ही सगळे शोधत."

"आणि?"

"सापडत गेलं," उल्रिका म्हणाली आणि केक खाऊ लागली.

लियांगने कप खाली ठेवला. वर्षभर त्याने मालकाचा पैसा एका श्वासापायी ओतला होता. रडावं की हसावं, हे ठरवण्याआधीच फोन वाजला. हान होते, आणि खुशीत होते.

"आता ती छोटी गाडी. वसंतात बाजारात हवी. त्या बाईंना विचार, तयार आहे का. आणि या वेळी मला लगेच उत्तर पाहिजे."

लियांगने फोन छातीशी धरला. "उल्रिका, छोटी गाडी तयार आहे?"

उल्रिकाने चमचा खाली ठेवला आणि हवा आत ओढली.

खिडकीबाहेर छोटी गाडी उभी होती. बरी होती. दोष असा काही दिसत नव्हता. मालकाशी लियांग आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, आणि आजही बोलायची त्याची इच्छा नव्हती.

"काय म्हणाली?" हान विचारत होते. "तिचेच शब्द सांग. पदरचं काही घालू नकोस."

लियांगने फोन तोंडाजवळ नेला आणि हवा आत ओढली.

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," हान म्हणाले. "दोन महिने आणखी घ्या."