विणीचा हंगाम

जर्मनीतल्या नेकार नदीवरच्या नव्या पुलाच्या सगळ्या परवानग्या ईश्वरीच बघायची. नदीपात्रात काम करायची मंजुरी आली, पण अट घालूनच: माशांचा विणीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, नदीत एकही मशीन उतरवायचं नाही.

ठेकेदाराकडचा इंजिनियर प्रणव फोनवर वैतागला. "अगं, मूठभर अंड्यांसाठी अख्खा पूल थांबवायचा?"

"हो, थांबवायचा!" ईश्वरीचा आवाज एकदम चढला. "पिल्लं बाहेर पडेपर्यंत साधा धक्कासुद्धा लागता कामा नये."

"बरं बाई, नको चिडूस. चल, जुलैत सुरू करू. पण तेव्हा तू बाळंतपणाच्या रजेवर असशील ना? मग केंद्राच्या जलमार्ग खात्याची परवानगी कोण मिळवणार?"

"मीच," ईश्वरी म्हणाली. "आता रजेची गरज नाही राहिली, प्रणव."