मीनूची आई

विमानाचं दार लागेपर्यंत यज्ञेश्वरनं मीनूला आपल्या ओव्हरकोटातच गुंडाळून ठेवलं होतं. लंडनची जमीन सुटली तशी त्यानं बटणं काढली. घामेजलेली दोन वर्षांची पोर बाहेर आली आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "आई?"

"झोप," तो म्हणाला.

मीनूनं भोकाड पसरलं. हवाईसुंदरीनं दुधाची बाटली मागितली. बाटली घरीच राहिली होती. मग कपातून दूध आलं, ते मीनूनं त्याच्या शर्टावर सांडलं. पुढच्या रांगेतला साहेब वळून बघायला लागला.

"आना हिकडं, पावनं. बापय गड्याचं काम न्हाय ते."

शेजारच्या सीटवर नऊवारीतली म्हातारी होती. गोजरबाई. अक्कलकोटकडच्या. विलायतेत लेकीचं बाळंतपण उरकून परत निघालेल्या. त्यांनी मीनूला मांडीवर घेतलं, तळपाय चोळले.

"एक मोजा लाल, एक निळा. ह्ये कुनी घातलं?"

"मीच."

"आन् लेकराची आई कुटं हाय?"

यज्ञेश्वर खिडकीकडं बघत राहिला. बाहेर नुसते ढग होते.

"गेली व्हय?" गोजरबाईंनी आवाज खाली आणला.

त्यानं मान खाली घातली.

"आरं देवा! अजून बोलाया बी यीना पोरीला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीनूला थोपटत, ओवी गुणगुणत बसल्या. पोर हुंदके देत देत झोपली.

यज्ञेश्वरला झोप नव्हती. शकुंतला डोळ्यांपुढून हलत नव्हती. मोहोळच्या मास्तरांची ही लेक लग्न होऊन लंडनला आली तेव्हा दुकानात जाऊन पाव मागायलासुद्धा लाजायची. मग इस्पितळात नोकरीला लागली, भराभर इंग्रजी बोलायला लागली. शेवटच्या महिन्यात दोघांचं धड बोलणं नव्हतं. सोलापूरला परत जायचं की नाही, यावरूनच सगळी भांडणं. शेवटच्या सकाळी ती दारात थांबून काहीतरी म्हणाली होती. त्यानं पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं.

मुंबईत उतरताना गोजरबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "बापानं आईची माया केल्याली आज डोळ्यांनी बगितली. सुखी ऱ्हा, बाबा."

त्यानं घाईघाईनं त्यांना नमस्कार केला आणि मीनूला खांद्यावर टाकून गर्दीत शिरला.

सोलापुरात त्याची तार आधीच पोचली होती. शुक्रवार पेठेतल्या घरी त्याची आई दारातच हंबरडा फोडून उभी होती. मोहोळहून सासरे आले होते, वेणीमाधव मास्तर. ते रडले नाहीत. मीनूचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसते बघत राहिले.

"आजार काय होता?" त्यांनी विचारलं.

"न्यूमोनिया. तिकडची थंडी."

"आणि अस्थी?"

"तिथंच नदीत सोडल्या. तिकडं सगळं मशिननं उरकतात हो. आपल्या हातात काही देत नाहीत."

मास्तरांनी मान हलवली. "निदान दहावा तरी इथं होऊ दे."

आलेल्या बायकांसमोर आई दोनदा बोलून गेली होती, पोरीसाठी तरी त्याला दुसरी बघायला हवी. दिवसभर मीनू मात्र दारापाशी जाऊन बसायची. रस्त्यानं कुणी गोल पातळातली बाई दिसली की उठून उभी राहायची.

दहाव्याला सगळे तळ्याच्या काठी गेले. पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं.

"बाईंचा जीव कशात तरी अडकलाय," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

"मीनूला फुलासारखं जपीन गं," यज्ञेश्वरची आई म्हणाली.

एकही कावळा हलला नाही.

मास्तर पुढं झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "शकू, तू विलायतेला निघालीस तेव्हा मी ठेसनावर आलो नाही. राग धरला. ते विसर, पोरी. चुकलं माझं. ये."

पंख झाडून एक कावळा उडाला तो तळ्यापलीकडं निघून गेला.

"यज्ञेश्वर, तू बोल," आई म्हणाली.

यज्ञेश्वरनं हात जोडले. ओठ हलवले. काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि यज्ञेश्वरनं सुटकेचा निःश्वास टाकला.

घरी आल्यावर तो पुन्हा आंघोळीला बसला. डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतत राहिला. बाहेर खालच्या कापडदुकानातले चनबसप्पा जिन्यातून हाका मारत होते. पाण्याच्या आवाजात त्याला शब्द लागले नाहीत.

तो पंचा गुंडाळून बाहेर आला तेव्हा घरात आई आणि मीनू दोघीच होत्या.

"मास्तर कुठं गेले?"

"खाली, चनबसप्पांकडं. लंडनहून ट्रंककॉल आलाय म्हणे तुझ्यासाठी. तू आंघोळीला होतास, म्हणून तेच गेले. तुझ्या हापिसातलं कुणी असेल, समाचाराला."

यज्ञेश्वर ओलेत्यानंच जिना उतरला. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मास्तर त्याच्याकडं पाठ करून गादीच्या कडेला टेकले होते. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता. लाइन खरखरत असावी, कारण ते ओरडून बोलत होते.

"कोण? ... कोण बोलतंय? ... शकू?"