सरांचा इलेक्ट्रॉन

"सर, ओळखलंत का मला?"

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. हातात सफरचंदांची पिशवी.

म्हातारा खिडकीशी बसला होता. या वृद्धाश्रमात त्याला भेटायला आजवर कोणी फिरकलं नव्हतं. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि समोरची खुर्ची दाखवली. "बस. तूच सांग, कोण ते."

"शेवटच्या बाकावरची. तुमच्या शिकवण्यामुळे प्रयोगशाळेत नोकरीला लागले."

"चांगलं झालं."

"चष्मा सुटला वाटतं, सर?"

"मोतीबिंदू काढला," त्याने घाईने विषय बदलला. "इलेक्ट्रॉन आठवतो का अजून?"

"आठवतो. पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

त्याची कळी खुलली. चादरीवर बोटाने वर्तुळं काढत तो सांगू लागला. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने खरं तर सगळी ऊर्जा उधळून अणूच्या केंद्रात कोसळायला हवं. पण तो कोसळत नाही. त्याच्या कक्षा ठरलेल्या. वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत उडी मारली की दोन्हींतल्या फरकाएवढा प्रकाश देऊन जातो. अधेमधे मात्र त्याला थारा नाही.

"ते मॉडेल आता जुनं झालं, सर. इलेक्ट्रॉन असा फिरतच नाही."

"नसेल फिरत. हायड्रोजनच्या प्रकाशाचे रंग तर त्यानेच बरोबर सांगितले ना? जुन्यांना एवढं श्रेय द्यायला काय जातं तुमचं?"

ती खळखळून हसली. मग सफरचंद चिरता चिरता प्रयोगशाळेतल्या गमती सांगत राहिली. चहा आला, तसाच निवला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत दोन माणसांचा आवाज होता. ऐकता ऐकता म्हाताऱ्याने सफरचंदाची फोड उचलली. फोड हातातच राहिली.

"पोरी, तुला एक सांगायचं होतं..."

"पुढच्या रविवारी सांगा," ती उठत म्हणाली. "मी येणारच आहे."

तिच्या मागे दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेर ती नर्सपाशी थांबली. आवाज हळू होता, तरी त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मघाशी तुम्ही सांगितलंत, मागच्या वर्षी सर गेले. तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं हो?"

"सरांच्या खोलीतले, रोज त्यांच्याकडून तो इलेक्ट्रॉन ऐकणारे हेच काका," नर्स म्हणाली. "तुम्ही आत्ता ज्यांच्याशी बोलत होतात ते."