रेषा नेतील तिथं

"फोटोतल्या रेषांनी बघणाऱ्याला हात धरून विषयापर्यंत न्यायला हवं," ट्रायपॉडवर हात ठेवून उपेंद्र रुबाबात म्हणाला. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत दर रविवारी तो मुलांना फोटोग्राफी शिकवायचा. पालकही कौतुकानं बसलेले. त्याची बायको केतकी मात्र शेवटच्या रांगेत, कपाळावरच्या पट्टीवर ओढणी ओढून. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिचं सगळ्यांना सांगून झालं होतं.

पडद्यावर मुलांचा गृहपाठ येऊ लागला. फुटपाथच्या टोकाला फुलवाली अक्का, कठड्याच्या टोकाला मांजर. प्रत्येकाला उपेंद्र विचारायचा, "विषय कोण?"

"आता आमच्या लेकीचा!" म्हणत त्यानं मैत्रेयीचा फोटो न बघताच लावला.

स्वयंपाकघराची पांढरी फरशी केतकीनं लगेच ओळखली. ओट्यापासून निघालेले रक्ताचे थेंब, एकामागं एक, सरळ रेषेत. सगळ्यांच्या नजरा थेंबाथेंबानं पुढं सरकत कोपऱ्यात पोचल्या. तिथं हाच ट्रायपॉड उगारून उपेंद्र उभा होता.

त्याचा हात ट्रायपॉडवरून झटकन निघाला.

पहिल्या रांगेतून दहा वर्षांची मैत्रेयी उठली.

"बाबा, मला नाही विचारलंस, विषय कोण ते."