दोरशिडीची परीक्षा

“चिमटा असा धरतात होय? चुलीतला निखारा उचलताय का?” कॅप्टन म्हणाला.

पाहुण्याने निमूटपणे बोटं बदलली. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, केस विरळ झालेले. टेबलावर तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज उभं होतं आणि त्याच्या दोरशिडीवर त्याला एक गाठ मारायची होती. एकच. ताणलेल्या उभ्या दोऱ्यांवर आडवे दोरे बांधत जायचं, की झाली खलाशांची चढायची शिडी. सांगायला सोपं.

कॅप्टन हे गल्लीने चिकटवलेलं नाव. माणूस जन्मभर विमा कचेरीत खर्डेघाशी करून निवृत्त झालेला. होडीत पाय ठेवला तरी त्याला मळमळायचं. पण घरात त्याने बनवलेली पाच जहाजं होती, आणि त्यांच्या जोरावर त्याने सगळ्या जगाची वाटणी करून टाकली होती. एका बाजूला गाठ मारता येणारे, दुसऱ्या बाजूला गाढवं. पहिल्या बाजूला तो एकटाच होता.

त्याची मुलगी लग्नाच्या विचाराने ज्यांना घरी आणायची, त्यांना तो याच टेबलाशी बसवायचा. पहिला इंजिनिअर. त्याने बुटाची नाडी बांधावी तशी गाठ मारली. कॅप्टनने त्याला असा काही सोलून काढला की तो चहा अर्धा टाकून पळाला. दुसरा बँकेतला. शिडं पुढे फुगलेली, आणि या शहाण्याने झेंडा मागे फडकता लावला! “तुमच्या बँकेत वारा दोन्हीकडून येतो का हो?” बिचारा पुन्हा फिरकला नाही.

तेव्हा मुलगी आठवडाभर बोलली नाही. नाही बोलली तर नाही बोलली. चहा वेळेवर येत होता, जहाजाच्या फळ्या घासून मिळत होत्या, गोळ्या हातात पडत होत्या. ती लग्न करून गेली तर हे कोण करणार, या विचाराने मात्र कॅप्टनची झोप उडायची. आता तिची चाळिशी उलटली होती आणि तो निर्धास्त होत चालला होता. तेवढ्यात काल तिने सांगितलं, “उद्या एक गृहस्थ येतायत. नीट बोला, बाबा. माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.”

झालं! पुन्हा झोप उडालीच.

पाहुण्याने गाठ आवळली. नको तेवढी आवळली. उभे दोरे आत ओढले गेले आणि शिडी कमरेत चिमटली.

“वा! शिडीला कमरपट्टा घातलात की!”

“मला नाही जमायचं हे.” पाहुणा हसला. लाज नाही की राग नाही. “तुम्ही दाखवता का करून? चष्म्याशिवाय दिसतं?”

“चष्मा म्हाताऱ्यांना लागतो.” कॅप्टनने चिमटा हिसकावला आणि एकामागून एक अशा गाठी मारत सुटला, की दोरा हललासुद्धा नाही.

“हात अजिबात थरथरत नाही तुमचा,” पाहुणा म्हणाला.

लोणी लावतोय लेकाचा, कॅप्टनने मनात म्हटलं.

मग चौकशा सुरू झाल्या. झोप कशी लागते. जिना जमतो का. कधी चक्कर वगैरे? कॅप्टनला सगळं लख्ख कळलं. सासरा अजून किती टिकणार आणि घर कधी मोकळं होणार, याचा अंदाज चालला होता! मेल्या, तुझी तेरावी पिढी वाट बघत बसेल.

“हा जिना दिवसातून दहादा चढतो-उतरतो,” त्याने ठोकून दिलं. “कठड्याला हात लावत नाही.”

“आणि जेवणखाण? मुलगीच बघत असेल सगळं.”

हीच ती संधी. मुलगी आत चहा करत होती. तिला ऐकू जाईल न जाईल याची फिकीर न करता कॅप्टनने आवाज चढवला.

“ती? हॅ! तिला चहासुद्धा धड जमत नाही. माझं मी रांधतो. माझे कपडे मी धुतो, गोळ्या माझ्या मी घेतो. पेलाभर पाणी मागत नाही मी तिच्याकडे. कशाच्या भरवशावर आलात ते तुमचं तुम्ही बघा.”

सकाळीच तिने वाकून त्याच्या पायात मोजे चढवले होते, पण ते काय पाहुण्याला सांगायचं थोडंच असतं.

“छान,” पाहुणा म्हणाला. “फार छान.” मग तो जहाजाकडे वळला. “हे लांबीला किती भरेल? खिडकीशी मावेल?”

अरे चोरा! पोरगी नाही तर नाही, निदान जहाज तरी!

“हे कुणाला मिळणार नाही,” कॅप्टन गुरगुरला. “मी जिथे, तिथे हे.”

“अर्थातच,” असं म्हणून पाहुणा उठला.

दारात मुलगी त्याच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलली. तिने त्याचे दोनदोनदा आभार मानले. नाकारून चाललेल्या माणसाचे आभार! कॅप्टनला तिची कीव आली. काय ही लाचारी.

ती परत येऊन समोर बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“असल्या ठोंब्यासाठी रडतेस?” तो म्हणाला. “साधी गाठ मारायची अक्कल नाही. गेला ते बरं झालं. तू इथेच सुखात आहेस. जा, चहा गरम करून आण.”

ती उठली नाही. ओल्या डोळ्यांनी ती चक्क हसत होती.

“ते मला बघायला आले नव्हते, बाबा. ते वृद्धाश्रम चालवतात. स्वतःचं सगळं स्वतः करू शकतात, अशाच माणसांना तिथे प्रवेश मिळतो. मला आशाच नव्हती, पण त्यांनी तुम्हाला घेतलं.”