अस्वल पळालं त्याची गोष्ट

"सांगून कुणाला पटायचं नाही, पण माझ्या घोरण्यानं एक अख्खं अस्वल पळवून लावलंय!" चहाची बशी खाली ठेवत दामूअण्णांनी जाहीर केलं.

हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीची बैठक त्यांच्यापाशीच अडली होती. एका तंबूत दोघंजण, आणि अण्णांच्या शेजारी झोपायला कुणीच तयार नव्हतं. बायकोनं तर आधीच तिच्या बहिणीच्या तंबूत जागा धरली होती. जोडीदार मिळाला नाही, तर मागं राहून सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालावं लागणार, हे अण्णांना स्पष्ट दिसत होतं. मग घोरण्याचंच कौतुक सांगण्यावाचून गत्यंतर काय?

"मागं चांदोलीला गेलो होतो. पहाटे तंबूत हे एवढं काळंकुट्ट, केसाळ धूड! मी नुसता एक सूर लावला. तसं जे दोन पायांवर पळत सुटलं! जाताना माझ्या उशाचा लाडवांचा डबाही घेऊन गेलं. माझ्या शेजारी झोपणं म्हणजे बंदुकीचा पहाराच समजा."

शेजारचे पाटणकर चक्क विरघळले. "मग अण्णा, मी येतो की तुमच्या तंबूत."

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेला अण्णांचा मेहुणा एवढा हसला, की टरफलं उडाली.

"दाजी, अहो तो मी होतो! तुमच्या घोरण्याला कंटाळून काळं घोंगडं पांघरलं आणि जीपमध्ये झोपायला पळालो. जागरणानं भूक लागली, म्हणून लाडू नेले. पाटणकर, घोंगडं अजून आहे माझ्याकडं. देऊ का?"